आधी पाळणा की आधी पंगत?

औसा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं आहे: 'हायवेला लागून सात एकर रान आहे. तीन वर्षांपासून हुरडा पार्टी करायलोय, हंगामात गर्दी बरी होते. आता बारमाही थीम पार्क करावं म्हणतोय. राइड विकणारे म्हणतात, आधी मोठा पाळणा, ब्रेक डान्स, कोलंबस घ्या. हॉटेल अन् दुकानं मागून आपोआप येतात. जगातली मोठी पार्कं खरंच अशी वाढली का? कर्ज काढायच्या आधी ऐकायचंय.'

कर्ज काढायच्या आधी विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. काढून झाल्यावर विचारणारेच मला जास्त भेटतात.

मी परभणीकडचा. चौदाव्या वर्षी मामाच्या रहाटपाळण्यावर तिकिटं फाडायला लागलो. पुढं बावीस वर्षं निरनिराळ्या पार्कांमध्ये राइड चालवणं, दुरुस्ती, नंतर सगळं पार्क सांभाळणं, असं काम केलं. त्यातलं एक पार्क मराठवाड्यातच होतं आणि ते बुडालं. त्याचंही सांगतो, पण नंतर.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. पाळण्यांवर उभी राहिलेली पार्कं आहेत. पण नुसत्या पाळण्यांवर टिकलेली फार कमी आहेत. आणि एक मोठं पार्क तर तुमच्यासारख्याच रस्त्याकडेच्या रानातून निघालेलं आहे, त्याच्यापासूनच सुरू करू.

कॅलिफोर्नियात ब्यूना पार्क नावाच्या गावी वॉल्टर नॉट हा शेतकरी १९२० पासून खंडानं रान करून बेरी पिकवायचा आणि रस्त्याच्या कडेला पाल टाकून विकायचा. रुडॉल्फ बॉयसन नावाच्या माणसानं संकर करून सोडून दिलेली, मरायला टेकलेली काही रोपं नॉटनं आणून जगवली. ते फळ त्यानं १९३२ मध्ये बॉयसनबेरी या नावानं विकायला काढलं. मंदीचे दिवस होते. १९३४ च्या जूनमध्ये त्याची बायको कॉर्डेलिया हिनं आपल्या लग्नातली चिनी मातीची ताटं बाहेर काढली आणि आठ गिऱ्हाइकांना तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढलं. ताटाला ६५ सेंट. जेवण लोकांच्या जिभेवर बसलं आणि काही वर्षांतच दाराबाहेर तासन्‌तास रांगा लागायला लागल्या.

आता खरी गंमत पाहा. रांगेत ताटकळणाऱ्या लोकांचं काय करायचं, म्हणून नॉटनं आवारात एक छोटा खोटा ज्वालामुखी केला, दगडांची बाग केली. १९४० पासून त्यानं ओसाड पडलेल्या खाणगावांतली जुनी लाकडी घरं उचलून आणली आणि एक गावच उभं केलं. इंग्रजीत त्याला भुताचं गाव म्हणतात. आपल्या महसुली कागदात ज्याला बेचिराग गाव म्हणतात, ते हेच. १९५२ मध्ये आगगाडी आली. १९६० मध्ये खाणीतून फिरवणारी राइड आली. कंपाउंड घालून दारावर तिकीट लावलं ते १९६८ मध्ये. आणि माणसाला दोनदा उलटं करणारा कॉर्कस्क्रू हा रोलर कोस्टर आला १९७५ मध्ये. म्हणजे पहिल्या ताटापासून ४१ वर्षांनी. नॉट्स बेरी फार्म आज मोठं पार्क आहे. कोंबडीच्या जेवणाचं ते हॉटेल मात्र अजूनही दाराच्या बाहेर आहे, तिथं जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही.

तुमच्या हुरड्याच्या आगटीभोवती जी माणसं 'अजून भाजायचाय का?' म्हणत उभी असतात ना, ती तुमची रांग आहे. पार्कातली पहिली राइड त्यांच्यासाठी करायची असते.

म्हणून पाळण्याला मी हिणवतोय असं समजू नका, माझं पोट त्यावरच भरलं. चाकाला पेट्या बांधून माणसं गरगर फिरवायची कल्पना अमेरिकेची नाहीच. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं १६२० मध्ये आजच्या बल्गेरियात, तेव्हाच्या तुर्की मुलखात, असे लाकडी पाळणे पाहून लिहून ठेवलेत. आमच्या आज्याच्या वेळचा पाळणाही तसलाच होता: चार पेट्या, सागाचा कणा, आणि हातानं ढकलणारे दोन गडी. मोठं लोखंडी चाक पहिल्यांदा उभं राहिलं १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. ज्या शिकागोत विवेकानंद बोलले, तेच हे वर्ष आणि तोच सोहळा. जॉर्ज फेरिस या इंजिनिअरनं २६४ फूट उंच चाक बांधलं, त्याला ३६ डबे, एकेका डब्यात साठ माणसं, तिकीट ५० सेंट. प्रदर्शन गाजलं ते या चाकामुळं. पण फेरिसचे पैशावरून कोर्टकज्जे सुरू झाले आणि १८९६ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, तो टायफॉइडनं गेला. चाक दुसरीकडं हलवून पाहिलं, चाललं नाही, आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून भंगारात काढलं.

ते चाक पाहून आलेला विल्यम सुलिव्हन नावाचा पूल बांधणारा कारागीर होता. त्यानं १९०० मध्ये ४५ फुटांचं, बारा बैठकांचं, सोडवून गाडीत घालून पुढच्या गावाला नेता येईल असं चाक बनवलं. त्याची कंपनी पिढ्यान्‌पिढ्या चालली. आपल्या जत्रेतला पाळणा याच वळणाचा. गर्दी असेल तिथं तो स्वतः जातो. तुम्ही तो एका जागी गाडून ठेवणार आणि गर्दीनं त्याच्याकडं यावं म्हणणार. पाळणेवाला कोटेशन देताना हा फरक सांगत नाही.

आमचं वर्ष कसं असायचं ते सांगतो. नवरात्रात संभाजीनगरचा कर्णपुरा, नाहीतर हिंगोलीचा दसरा. मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची जत्रा. दोन फेब्रुवारीपासून परभणीचा उरूस. महाशिवरात्रीला औंढा किंवा लातूरचा सिद्धेश्वर. मग पैठणची नाथषष्ठी, आणि चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरी. पावसाळ्यात पाळणा पत्र्याखाली, आणि मामा ग्रीसच्या डब्यासकट घरी. जत्रेच्या जागेचा लिलाव झाला की गुत्तेदार यायचा आणि चुन्याच्या रेघा मारून जागा वाटायचा. मामा नेहमी मैदानाच्या पार शेवटची जागा मागायचा. मला वाटायचं, भाडं कमी म्हणून. एकदा माळेगावला विचारलं, 'मामा, कामून एवढ्या मागं?' तर म्हणाला, 'पाळणा लांबून दिसायला पाहिजे, अन् जवळ यायला उशीर लागायला पाहिजे.' येणारा माणूस बांगड्यांची पालं, खेळणी, भजे-जिलेबीची हॉटेलं ओलांडत आमच्यापर्यंत पोचायचा. त्यासाठी तिथले दुकानदार मामाला मानायचे. चहा कधी विकत घ्यावा लागला नाही.

हीच गोष्ट वॉल्ट डिस्नेनं केली तर तिच्यावर पुस्तकं निघतात. डिस्नेलँडच्या दारातून आत शिरलं की समोर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि टोकाला किल्ला. किल्ला दिसतो म्हणून पाय चालत राहतात आणि दुकानं लागत राहतात. संध्याकाळी परततानाही त्याच रस्त्यानं जावं लागतं, कारण दार एकच. त्या रस्त्यावरची दुकानं बाहेरून वेगवेगळी दिसतात, पण आतून बरीचशी एकमेकांना जोडलेली आहेत. एकात शिरायचं, तिसऱ्यातून बाहेर पडायचं.

मामाच्या पाळण्याचा गल्ला आणि शेजारच्या भज्याच्या पालाचा गल्ला, यात भज्याचा जड असायचा. लहानपणी त्याचं फार वाईट वाटायचं. नंतर हिशोब कळला. पाळण्याच्या बैठका ठरलेल्या, फेरीचा वेळ ठरलेला, अंधार पडल्यावरचे चार-पाच तास काय ते कमाईचे. आणि एका घरातली आठ माणसं आली तर पाळण्यात बसणार तिघं. आजीला चक्कर येते, सून तान्हं लेकरू घेऊन असते, बापाला भीती वाटते पण तो ते सांगत नाही. जेवायला मात्र आठही जण बसतात.

आपल्या भागात दुकान आधी आणि पाळणा नंतर, याचं आणखी एक मोठं उदाहरण आहे. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, १९३८ मध्ये, हैदराबादच्या बागे-आममध्ये मुलकी कारखान्यांच्या मालाचं प्रदर्शन भरलं, सुमारे शंभर गाळ्यांचं. हेतू एवढाच की संस्थानात बनणारा माल लोकांना दिसावा. तीच आजची नुमाइश, दर वर्षी एक जानेवारीपासून दीड महिना चालणारी. आमचा आजा तिथून कुलपं आणि आजीला शाल घेऊन आल्याचं घरात अजून सांगतात. पाळण्याचं नाव त्या गोष्टीत येत नाही.

बाहेरच्या जगातली जुनी बागही अशीच. कोपनहेगनचं तिवोली १८४३ मध्ये उघडलं तेव्हा त्यात फिरता घोडा-झुला होता, पण त्याच्याबरोबर पहिल्या दिवसापासून उपाहारगृहं, बँड, नाटक आणि फुलांचे ताटवे होते. रात्री रंगीत दिवे लावायचे. ते आजही चालू आहे.

न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडची गोष्ट याच्या उलट. तिथं १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसननं पाच सेंटात बसायची उतरती गाडी सुरू केली आणि राइडची चढाओढ लागली. १८९५ मध्ये पॉल बॉयटननं भोवती कुंपण घालून दारावर पैसे घ्यायला सुरुवात केली. जॉर्ज टिल्यूनं १८९७ मध्ये स्टीपलचेस काढलं. हा माणूस आपल्या गुत्तेदारांना शोभेल असा: १९०७ मध्ये त्याचं पार्क जळालं, तर दुसऱ्या दिवशी त्यानं जळकं आवार पाहायला दहा सेंट तिकीट लावलं! १९०३ मध्ये लूना पार्क आलं, अडीच लाख विजेच्या दिव्यांचं. पुढच्या वर्षी त्यावर ताण करायला ड्रीमलँड आलं आणि १९११ मध्ये हंगामाच्या तोंडावर जळून खाक झालं. राइडची गळती बुजवायला रात्री डांबर तापवत होते, दिवे गेले, अंधारात बादली सांडली. तुमच्याकडं कडब्याच्या कोपी, उघडी आगटी आणि गॅसची टाकी एकाच आवारात असणार आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्या जुन्या पार्कांपैकी आज एकही उरलं नाही. पण १९१६ मध्ये तिथं पाच सेंटाला सॉसेज-पाव विकायला लागलेलं नेथन्सचं दुकान त्याच कोपऱ्यावर उभं आहे.

आता डिस्नेलँड. १७ जुलै १९५५ ला उघडलं. संत्र्यांच्या बागा तोडून १६० एकरांत, वर्षभरात उभं केलेलं, खर्च एक कोटी ७० लाख डॉलर. पहिल्या दिवशी आमंत्रितांपेक्षा कितीतरी जास्त, २८ हजारांच्या आसपास माणूस आत घुसला, बरेच जण खोट्या पासांवर. ऊन आपल्या एप्रिलसारखं. डांबर इतकं ताजं की बायकांच्या टाचा रुतत होत्या. हॉटेलांतलं खाणं-पिणं संपलं. प्लंबरांच्या संपामुळं पाण्याचे नळ आणि संडास यांतलं एकच पूर्ण होणार होतं, तेव्हा डिस्नेनं संडास निवडले. लोक म्हणाले, कोल्ड्रिंक विकायला नळ बंद ठेवलेत. मी आजवर जेवढी पार्कं उघडताना पाहिली, त्या प्रत्येकात यातलं काही ना काही घडलंय. तुमच्याकडं पहिल्या रविवारी पाणी आणि संडास कमी पडणार, हे आत्ताच लिहून ठेवा.

सुरुवातीला तिथली बरीच दुकानं आणि हॉटेलं डिस्नेची स्वतःची नव्हती, भाड्यानं दिलेली होती. त्या मुख्य रस्त्यावर बायकांच्या अंतर्वस्त्रांचंही एक दुकान होतं. लेकरं घेऊन आलेल्या घरांना ते कशाला लागणार? वर्षभरातच बंद झालं. पण दुसऱ्या एका भाडेकरूनं इतिहास घडवला. फ्रिटोज कंपनीचं एक मेक्सिकन खाण्याचं हॉटेल होतं. तिथं उरलेल्या मक्याच्या पोळ्या फेकून देत. माल पुरवणाऱ्याच्या माणसानं सुचवलं, फेकू नका, कापा, तळा, तिखटमीठ लावून विका. खप इतका झाला की १९६६ मध्ये कंपनीनं ते अख्ख्या अमेरिकेत आणलं. तेच आजचे डोरिटोज. आपल्या आया शिळ्या भाकरीचे कुटके फोडणीला टाकत आल्यात, पण त्याचा पुडा करायला कोणी पार्कात बसलं नव्हतं.

पुढं राइड आणि जेवण एकमेकांत मिसळत गेलं. बोलणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांचा जो कार्यक्रम १९६३ मध्ये सुरू झाला, त्याची मूळ कल्पना हॉटेलची होती: जेवता जेवता पक्षी गातील. मग लक्षात आलं, लोक गाणं ऐकत खुर्ची सोडणारच नाहीत, आणि जेवण काढून टाकलं. हा धडा ढाब्यावर टीव्ही लावणाऱ्यांनी घ्यावा. १९६७ मध्ये समुद्री चाच्यांची राइड आली तेव्हा उलट केलं. राइडच्या इमारतीतच, पाण्याकाठी, कायमच्या चांदण्या रात्रीचा देखावा करून हॉटेल बसवलं. होड्या त्याच्यासमोरून जातात. जेवणारे होडीवाल्यांना पाहतात, होडीवाले जेवणाऱ्यांना.

दुकानांचा खेळ बदलला तो तिकिटामुळं. डिस्नेलँडला पूर्वी कुपनांची पुस्तकं असायची, ए-बी-सी अशा दर्जांची. सगळ्यांत भारी राइडना ई कुपन. प्रत्येक राइड स्वतःची कमाई दाखवायची. १९६१ मध्ये टेक्सासात सिक्स फ्लॅग्ज उघडलं, दारावर एकच तिकीट, आत सगळं फुकट. हळूहळू सगळे त्या वाटेनं गेले, डिस्नेनंही १९८२ मध्ये कुपनं बंद केली. परिणाम असा झाला की दाराच्या आत आल्यावर माणूस दहा राइडमध्ये बसला काय किंवा दोनमध्ये, पार्कच्या गल्ल्यात पैसा तेवढाच. आतली वरकड कमाई खाण्यातून आणि खरेदीतून. म्हणून मग राइडमधून बाहेर पडायची वाट दुकानातून काढायची पद्धत पक्की झाली. २०१० मध्ये ऑरलँडोत युनिव्हर्सलनं हॅरी पॉटरचा भाग उघडला, तिथं तर जादूच्या कांडीचं दुकान हाच खेळ आहे. आत घेतात, एखाद्या लेकराला कांडी 'निवडते', आणि बाप पाकीट काढतो. त्या गोष्टीतलं बटरबिअर नावाचं पेय प्यायला लोक राइडइतकीच मोठी रांग लावतात. ते पेय त्या काळी दुसरीकडं मिळत नव्हतं, हे त्यातलं मर्म. तुमच्या दुकानात दिल्लीहून आलेल्या प्लास्टिकच्या बंदुका ठेवल्या तर त्या लातूरच्या गंजगोलाईत स्वस्त मिळतात.

राइड विकणाऱ्यांबद्दल एक गोष्ट. जर्मनीत माक नावाचं घराणं आहे. १७८० पासून गाड्या बनवणारं, पुढं जत्रेवाल्यांसाठी गाड्या आणि मग राइड बनवायला लागलेलं. त्यांनी १९७५ मध्ये रुस्त या गावी युरोपा-पार्क काढलं, ते आपल्या राइड गिऱ्हाइकांना चालू अवस्थेत दाखवण्यासाठी. ते पार्क म्हणजे त्यांचं शोरूम होतं. माल घरचा, दुरुस्ती घरची. कोचीजवळ २००० मध्ये वीगालँड काढणाऱ्यांनीही, म्हणजे आजच्या वंडरलावाल्यांनी, पुष्कळ राइड स्वतःच्या कारखान्यात बनवल्या. तुम्ही राइड विकत घेणार, बेअरिंग गेलं तर फिटर कोल्हापूर-राजकोटहून बोलावणार, आणि तो येईपर्यंत पाळण्यावर पाटी लावणार. तिघांचं गणित एक कसं असेल?

आपल्या देशातल्या पार्कांवर फार वेळ घालवत नाही. दिल्लीचं अप्पू घर १९८४ चं, एशियाडच्या हत्तीच्या नावाचं, २००८ मध्ये बंद झालं. मुंबईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ चं. आमच्या पिढीच्या शाळांच्या सहली एसटीनं रात्रभर प्रवास करून तिथं जायच्या आणि गुरुजी फाटकापाशी डोकी मोजायचे. कोलकात्याचं निक्को पार्क १९९१ चं, खोपोलीचं इमॅजिका २०१३ चं. ही सगळी लाखोंच्या शहरांना टेकून उभी राहिली. तुमच्या कामाची उदाहरणं वेगळी आहेत. अहमदाबादचं विशाला १९७८ मध्ये निघालं, गावातल्यासारखं अंगण, पाटावर जेवण, कंदील. पुढं त्याच आवारात जुन्या भांड्यांचं संग्रहालय झालं. जयपूरची चोखी ढाणी त्याच वळणाची. आणि फ्रान्समधलं प्यू द्यू फू पाहा: १९७८ मध्ये गावकऱ्यांनी एका पडक्या वाड्यासमोर रात्री आपल्या भागाचा इतिहास वठवायला सुरुवात केली, १९८९ मध्ये दिवसाचं पार्क झालं, आणि आजही तिथं पाळणे नाहीत.

वॉटर पार्कचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढं कोणीतरी डोक्यात घालेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हा तुम्ही शाळेत असाल. ज्या वर्षी गर्दी लागेल, त्याच वर्षी बोअर आटेल, आणि बाजूचं गाव टँकरच्या रांगेत असताना तुमच्या घसरगुंडीवरून पाणी वाहील. नको.

आता आमच्या बुडालेल्या पार्कचं. नाव-गाव सांगत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणापासून बारा किलोमीटर. मालकांनी एका दमात बारा राइड घेतल्या, सगळ्या कर्जावर. कँटीन गुत्त्यानं दिलं. गुत्तेदारानं वर्षाचं भाडं आगाऊ भरलेलं, त्यामुळं त्याला ते तीन महिन्यांत वसूल करायचं होतं. वडापाव गार, चहा पाणचट, पाण्याची बाटली छापील किमतीच्या वर. लोक घरून डबे आणायला लागले, तर फाटकावर डबे काढून घ्यायचा नियम केला. एका म्हाताऱ्या माणसानं माझ्यासमोर धपाट्याची पुडी उघडून दाखवली आणि म्हणाला, 'साहेब, साखर आहे मला, तुमचं खाणं चालत नाही.' मी नियम सांगितला. ते अजून डोळ्यांसमोर येतं. सावली नव्हती, झाडं लावली होती पण ती गुडघ्याएवढी. एप्रिल-मेमध्ये दुपारी लोखंडाच्या बैठका हात लावू देत नव्हत्या, आणि शाळांना सुट्टी असते ती नेमकी तेव्हाच. तिसऱ्या वर्षी चार राइड सुट्या भागांअभावी बंद, आणि पाचव्या वर्षी फाटकाला कुलूप. दुरुस्तीचा माणूस म्हणून मी खापर बराच काळ राइडवर फोडत होतो. खरं तर लोक तक्रार करायचे ती जेवणाची, उन्हाची आणि संडासांची.

तर तुमच्या सात एकरांत मी काय करीन ते सांगतो.

थीम विकत आणायची गरज नाही, ती तुमच्या जिल्ह्यात आहे. येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं लातूर शहर ओस पडतं आणि माणसं रानात जातात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, खीर. ज्यांचं रान विकलं गेलंय, ज्यांची नोकरी पुण्यात आहे, त्यांना त्या दिवशी कोणाच्या तरी रानात जायचं असतं. आणि तेव्हाच हुरड्याचा हंगाम सुरू होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी तुमचे सोन्याचे दिवस. त्यांत आगटी चार करा, एक नको, म्हणजे गर्दी विभागते. गूळभेंडी, म्हणजे हुरड्याची ज्वारी, वेगवेगळ्या तारखांना पेरा, नाहीतर पंधरा दिवसांत हुरडा संपून ज्वारी होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मार्च ते जून दुपारी फाटक बंद ठेवा, पाच वाजता उघडा आणि रात्री अकरापर्यंत चालवा. तिवोली आणि लूना पार्कची अर्धी जादू दिव्यांचीच होती. पावसाळा शाळांच्या सहलींचा धरू नका, तो झाडं लावायचा आणि दुरुस्तीचा.

स्वयंपाकघर गुत्त्यानं देऊ नका. बाकी सगळं द्या, गाडीतळसुद्धा द्या, पण चूल आपल्या हातात ठेवा. डबा आणणाऱ्याला अडवू नका. त्याला बसायला सावली आणि प्यायला पाणी द्या, तो ताक विकत घेईल. दुकान एकच असू द्या, बाहेर जायच्या वाटेवर. त्यात तुमच्या रानचं आणि आसपासचं ठेवा: करडईचं तेल, ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे. बोरसुरीची डाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कुंथलगिरीचा खवा, तिन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय; माल मात्र खरा तिथलाच हवा. तिकीट ठेवलंत तर ते जेवणात वळतं करा. करही पाहून घ्या: पार्कच्या तिकिटावर २०१७ मध्ये जीएसटी २८ टक्के होता, २०१८ च्या जानेवारीत तो १८ वर आला, आणि साध्या हॉटेलच्या जेवणावर ५. जेवण आणि खेळ एका पावतीवर घ्यायचे की वेगळ्या, हे तुमच्या सीएला आधी विचारा.

आणि पाळणा? घ्या, पण तिसऱ्या वर्षी, एकच, आणि रानाच्या पार मागच्या बांधाला. तोवर हंगामापुरता भाड्यानं आणा. माळेगाव आणि परभणीचा उरूस यांच्या मधल्या आठवड्यांत पाळणेवाले रिकामे असतात, दर पडतो. त्यांना जागा हवी असते, तुम्हाला पाळणा. भाड्यानं आणलात तरी कण्याचं वेल्डिंग, पेटीच्या पिना आणि जनरेटरचं अर्थिंग स्वतः पाहिल्याशिवाय लेकरू बसवू नका, आणि वारा सुटला की फेरी बंद, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी.

या हंगामात आणखी एक काम करा. फाटकाशी एका पोराला वही घेऊन बसवा. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, मधल्या वेळात ते कुठं उभं होतं, एवढंच लिहायचं. महाशिवरात्र झाली की ती वही आणि राइडवाल्याचं कोटेशन, दोन्ही घेऊन या. मी त्या सुमारास सिद्धेश्वरच्या जत्रेसाठी लातूरलाच असेन.